न खणता जमीन कशी तपासतात?



या महिन्याच्या भित्तिपत्रकाचा विषय आहे ‘आपली माती’. कोणी मातीचे प्रकार लिहिले, कोणी गांडुळावर लिहिले. मी मातीतून जाणाऱ्या आवाजाविषयी लिहिणार आहे. आवाज सोडून मातीची तपासणी करता येते. माती कडक आहे की भुसभुशीत, ओली आहे की कोरडी, आणि खाली खडक किती खोल आहे, हे खड्डा न खणता कळते. खोटे वाटते ना? मलाही आधी खोटेच वाटले होते. गुरुजींनी समजावून सांगितले, पुस्तकातली चित्रे दाखवली, आणि काही गोष्टी मी स्वतः करून पाहिल्या. त्या सगळ्या इथे लिहिते.

१. टिचकी मारून ओळखणे

आपण सगळेच ही विद्या थोडी थोडी जाणतो. बाजारात माठ घेताना आई त्याला टिचकी मारते. खणखण वाजला तर चांगला, बदबद वाजला तर चिरलेला. कलिंगडवाला कलिंगडावर थापटी मारतो. आमचे आजोबा धान्याच्या कणगीला बाहेरून बोटाने ठोकत जातात आणि ज्वारी कुठपर्यंत उरली ते झाकण न काढता सांगतात. जिथे धान्य असते तिथे आवाज जड येतो, वरच्या रिकाम्या भागात पोकळ येतो.

गंमत म्हणजे अशाच ठोकण्यातून डॉक्टरांची एक मोठी युक्ती निघाली. ऑस्ट्रिया देशात लिओपोल्ड औएनब्रुगर नावाचे एक डॉक्टर होते. त्यांच्या वडिलांची खाणावळ होती. तिथे दारूची पिंपे ठोकून ती किती भरली आहेत ते पाहत. डॉक्टरांनी तसेच रोग्याच्या छातीवर बोटांनी ठोकून पाहिले. छातीत पाणी झाले असेल तिथे आवाज जड येतो हे त्यांनी १७६१ साली पुस्तक लिहून सांगितले. पुढे १८१६ साली फ्रान्समध्ये रेने लेनेक या डॉक्टरांनी कागदाची सुरळी करून छातीचा आवाज ऐकला. त्यातूनच आजची कानाला लावायची नळी आली. छाती न कापता आतले समजते, तसेच जमीन न खणता आतले समजते. तपासायची रीत एकच आहे.

२. आवाज मातीतून कसा जातो?

आवाज म्हणजे हादरा. प्रार्थनेच्या रांगेत मागच्या मुलाने पुढच्याला ढकलले की तो त्याच्या पुढच्याला ढकलतो, आणि धक्का पहिल्या मुलापर्यंत पोहोचतो. मुले मात्र आपापल्या जागीच असतात. मातीचे कणही असेच एकमेकांना ढकलतात. मी हिला ढकललाट म्हणते. पुस्तकात तिला प्राथमिक लहर म्हणतात.

दुसऱ्या प्रकारची लाट दोरीसारखी असते. दोरीचे एक टोक खांबाला बांधून दुसरे टोक वरखाली हलवले की दोरीवरून वळसा धावत जातो. मातीचे कण असे आडवे हलले की त्या लाटेला दुय्यम लहर म्हणतात. मी तिला डोललाट म्हणते. ती ढकललाटेपेक्षा हळू जाते, म्हणून नंतर पोहोचते. भूकंपातही याच दोन लाटा येतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हाचे हादरे आमच्या आजीला अजून आठवतात. आपण तपासणीसाठी पाठवतो तो हादरा त्याच जातीचा, पण इतका बारीक की त्याने घरट्यातली चिमणीसुद्धा उडायची नाही.

आता वेग पाहा. हवेत आवाज एका सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पाण्यात सुमारे १५०० मीटर जातो. आपल्या डोंगरातला न कुजलेला काळा खडक असेल तर ५००० मीटरच्या आसपास जातो. आणि भुसभुशीत कोरड्या मातीत? तिथे तो ढेपाळतो. सेकंदाला २०० ते ६०० मीटर एवढाच जातो. म्हणजे कधी कधी हवेपेक्षाही हळू!

असे का? कारण भुसभुशीत मातीत कण एकमेकांना जेमतेम टेकलेले असतात. मध्ये हवेच्या पोकळ्या असतात. धक्का एका कणाकडून दुसऱ्याकडे जाताना अडखळतो. माती दाबलेली असेल तर कण घट्ट टेकलेले असतात, धक्का पटकन पुढे जातो. म्हणून वेग मोजला की माती किती घट्ट आहे त्याचा अंदाज येतो.

३. पण खणले तर काय बिघडते?

हा प्रश्न माझ्या वडिलांनी मला विचारला. ते म्हणाले, “टिकाव घ्यायचा, हातभर खणायचं, दिसतंच की! यंत्र कशाला?”

मी गुरुजींना विचारले. गुरुजींनी तीन कारणे सांगितली.

पहिले कारण: खणले की ती माती पहिल्यासारखी राहत नाही. आपण ढेकूळ हातात घेतले की ते मोकळे होते. खाली ते वरच्या मातीच्या ओझ्याने दाबलेले होते. म्हणजे जे मोजायचे होते तेच आपण मोडले. प्रयोगशाळेत मातीचा घट्टपणा मोजायला लोखंडी कडे जमिनीत ठोकून माती काढतात, १०५ अंश तापमानाला भट्टीत वाळवतात आणि वजन करतात. ही रीत चांगली आहे. पण कडे ठोकताना माती थोडी दाबली जातेच, आणि त्या जागेची माती पुन्हा मोजता येत नाही, कारण ती आता तिथे नसते.

दुसरे कारण: एक खड्डा एकाच जागेचे सांगतो. एका वावरात दहा पावलांवर माती बदलते. मग किती खड्डे खणणार?

तिसरे कारण: पीक उभे असते. तुरीत किंवा मोसंबीच्या बागेत खड्डे केले तर मुळे तुटतात. रोगी बरा करायला जाऊन त्याचाच पाय तोडल्यासारखे होईल.

हे ऐकून वडील म्हणाले, “तिसरं कारण पटलं.” बाकीच्या दोन कारणांवर ते काही बोलले नाहीत.

४. मॅलेट आणि पाऱ्याची वाटी

जमिनीतून जाणाऱ्या हादऱ्याचा वेग मोजायचा प्रयत्न आयर्लंड देशात रॉबर्ट मॅलेट या इंजिनियरने केला. भूकंपाच्या शास्त्राला इंग्रजीत जे नाव आहे ते त्यांनीच दिले. १८४९ साली त्यांनी किलायनी गावच्या समुद्रकाठी वाळूत बंदुकीची दारू पुरून उडवली. दूर अंतरावर एका वाटीत पारा ठेवला होता. पारा आरशासारखा चकचकतो. हादरा पोहोचला की पाऱ्यातले प्रतिबिंब थरथरे. दारू उडाल्यापासून पारा हलेपर्यंतचा वेळ त्यांनी मोजला. ओल्या वाळूत हादऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे २५० मीटर आला.

मग त्यांनी ग्रॅनाइट खडकातही प्रयोग केला. तिथे वेग वाळूपेक्षा जास्त आला, पण खऱ्या वेगापेक्षा खूपच कमी आला. याचे कारण असे की सगळ्यांत आधी येणारी लाट फार बारीक असते. ती पाऱ्याच्या वाटीला जाणवतच नसे. मागून येणारी मोठी लाट आली की मग पारा हले. पुढे नाजूक यंत्रे निघाली तेव्हा ती पहिली लाट पकडता आली. म्हणजे युक्ती बरोबर होती, कान जाड होता.

५. नाल्याकाठी पाहिलेले यंत्र

आमच्या गावच्या नाल्यावर पूल बांधायचा आहे. त्यासाठी पाहणी करायला गेल्या वर्षी काही माणसे आली होती. त्यांनी एक लांब वायर जमिनीवर पसरली. वायरीला दर २ मीटरवर एक एक डबी जोडली होती. मी मोजल्या, २४ होत्या. प्रत्येक डबीच्या खाली खिळा होता. तो जमिनीत रोवायचा. एका टोकाला जाड लोखंडी पाट ठेवला होता. एक काका त्यावर मोठा घण मारत. घण मारायच्या आधी दुसरे काका ओरडत, “हलू नका रे पोरांनो!” आम्ही चाललो तरी आमच्या पावलांचा हादरा त्या डब्यांना ऐकू जात होता. आम्ही पुतळ्यासारखे उभे राहिलो. तिकडे बांधावर एक म्हैस चरत होती, तिला मात्र कोणी सांगू शकले नाही. ती थांबेपर्यंत सगळे थांबले.

त्या डबीत काय असते ते मी विचारले. काकांनी सांगितले की आत एक लोहचुंबक असतो आणि त्याच्याभोवती स्प्रिंगवर टांगलेले तारेचे वेटोळे असते. जमीन हलली की डबी आणि चुंबक हलतात, वेटोळे मात्र मागे राहते. चुंबकाजवळ वेटोळे असे पुढेमागे झाले की तारेत बारीकशी वीज तयार होते. ती वायरीतून यंत्राकडे जाते आणि पडद्यावर रेघ थरथरते. आपल्या सायकलच्या डायनामोतही चुंबक आणि तारच असते. या डबीला जिओफोन म्हणतात. मराठीत आपण तिला भूमीचा कान म्हणूया.

घण मारला त्या क्षणापासून प्रत्येक डबीपर्यंत लाट किती वेळात पोहोचली ते यंत्र लिहून ठेवते. हा वेळ फार थोडा असतो. म्हणून सेकंदाचे हजार भाग करतात. एका भागाला मिलिसेकंद म्हणतात.

६. सडकेने लवकर की शेतातून?

आता सगळ्यांत मजेशीर भाग. खाली खडक किती खोल आहे हे वरून कसे कळते?

समजा, चिखलाच्या शेतातून तुम्हाला पुढच्या वस्तीवर जायचे आहे. शेताच्या बाजूने, थोड्या अंतरावर डांबरी सडक जाते. वस्ती जवळ असेल तर तुम्ही सरळ चिखलातून चालत जाल. पण वस्ती खूप दूर असेल तर शहाणा माणूस काय करेल? तो आधी चिखल तुडवत सडकेवर जाईल, एस्टीत बसेल, आणि वस्तीजवळ उतरून पुन्हा थोडा चिखल तुडवेल. वाट लांबची झाली, तरी तो आधी पोहोचेल.

लाटही असेच करते. वरची माती म्हणजे चिखल आणि खालचा घट्ट थर म्हणजे सडक. घणाजवळच्या डब्यांत वरच्या मातीतून सरळ आलेली लाट आधी पोहोचते. लांबच्या डब्यांत खाली जाऊन घट्ट थरातून धावत आलेली लाट आधी पोहोचते.

गुरुजींनी फळ्यावर एक उदाहरण करून दिले. वरच्या मातीत वेग सेकंदाला ३०० मीटर धरा. खालच्या थरात १५०० मीटर धरा. डबी घणापासून १५ मीटरवर आहे.

सरळ लाट: १५ भागिले ३०० म्हणजे ५० मिलिसेकंद.
थर २ मीटर खोल असेल तर खालून आलेली लाट: सुमारे २३ मिलिसेकंद.
थर ४ मीटर खोल असेल तर खालून आलेली लाट: सुमारे ३६ मिलिसेकंद.

पहिला भागाकार आपल्याला येतो. पुढचे दोन हिशेब मोठ्या वर्गाचे आहेत, ते गुरुजींनी केले. पण अर्थ आपल्याला कळतो. सडक जितकी दूर, तितका चिखल जास्त तुडवावा लागतो आणि उशीर होतो. म्हणून उशीर मोजला की खोली कळते. पुलाचा पाया किती खोल न्यावा लागेल याचा अंदाज त्या काकांना असाच मिळाला.

या रीतीला एक अडचण आहे. खालचा थर वरच्यापेक्षा घट्ट असेल तरच ती चालते. वर घट्ट आणि खाली मऊ असेल तर लाटेला खाली सडकच मिळत नाही. तेव्हा दुसरी रीत लागते. ती पुढे सांगते.

७. ओली, सुकी की दाबलेली?

इथे जरा नीट लक्ष द्या. वेग जास्त आला म्हणजे माती दाबलेलीच असेल, असे म्हणून चालत नाही.

आपली काळी माती उन्हाळ्यात वाळली की दगडासारखी होते, आणि पावसात भिजली की लोण्यासारखी होते. माती तीच असते! वाळताना कणांच्या मध्ये उरलेले थोडेसे पाणी कणांना एकमेकांकडे ओढून धरते. म्हणून माती ताठ होते आणि लाट जोरात जाते. पाऊस पडला की ती ओढ सैल होते आणि लाट हळू होते. म्हणजे सुक्या मातीतही वेग जास्त आणि दाबलेल्या मातीतही वेग जास्त.

आणखी एक गोष्ट. जमिनीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने गच्च भरल्या, हवा उरलीच नाही, तर ढकललाट एकदम जोरात जाऊ लागते, कारण ती पाण्यातून सेकंदाला सुमारे १५०० मीटर जाते. विहिरीत पाण्याची पातळी असते ना, त्याच्या खालच्या मातीत असे होते.

मग तीन गोष्टी वेगळ्या कशा ओळखायच्या?

पहिली युक्ती: दोन्ही लाटा मोजायच्या. डोललाट पाण्यातून जाऊ शकत नाही, कारण पाणी आडवे हलवले तर ते परत ओढून घेत नाही, नुसते सरकते. ती फक्त मातीच्या सांगाड्यातून जाते. म्हणून ढकललाट फार जोरात आणि डोललाट हळू असेल तर समजावे की खाली पाणी भरले आहे. दोन्ही जोरात असतील तर माती घट्ट आहे.

दुसरी युक्ती: घट्टपणा वाळल्यामुळे आहे की दाबल्यामुळे, हे पाहायला एकाच दिवशी दोन जागा मोजायच्या. शेजारची जागा तेवढीच ओली असून तिथे वेग कमी असेल, तर फरक दाबण्याचाच आहे. तीच जागा पाऊस झाल्यावर पुन्हा मोजली तर आणखी खात्री होते. खणले असते तर तीच जागा पुन्हा मोजता आली असती का? नाही. न खणण्याचा हा मोठा फायदा आहे.

अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी जमिनीत असेच आवाज सोडून पावसानंतर आणि सुकल्यानंतर वेग कसा बदलतो ते पाहिले आहे. जमिनीच्या पोटातला कडक थरही त्यांनी या रीतीने शोधला आहे.

८. लांब लाट, आखूड लाट

आता ती दुसरी रीत. घण मारला की एक लाट जमिनीच्या पाठीवरून, पृष्ठभागालगत पसरते. तळ्यात दगड टाकल्यावर पसरते तशी. ही लाट आखूड असेल तर फक्त वरवरच्या मातीला हलवते. लांब असेल तर खोलपर्यंत हलवते.

हलगीचा आवाज बारीक असतो, ढोलाचा जाड असतो. बारीक आवाजाची लाट आखूड, जाड आवाजाची लाट लांब. हिशेब असा: वेगाला दर सेकंदाच्या हेलकाव्यांनी भागायचे. वेग १५० मीटर आणि एका सेकंदात ५०० हेलकावे असतील तर लाटेची लांबी ३० सेंटिमीटर. एका सेकंदात ५० हेलकावे असतील तर लांबी ३ मीटर. लाट साधारण आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत खोलीचे सांगते. म्हणून बारीक आणि जाड असे वेगवेगळे आवाज सोडले की वीतभर, हातभर, पुरुषभर अशा वेगवेगळ्या खोलीचे वेग मिळतात. वर घट्ट आणि खाली मऊ असले तरी कळते.

जमीन किती मऊ आहे हे कळणे माणसांच्या जिवाचे असते. १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको देशात भूकंप झाला. तो राजधानीपासून ३५० किलोमीटरहून दूर झाला होता, तरी राजधानीत शेकडो इमारती पडल्या आणि हजारो माणसे गेली. कारण ते शहर जुन्या तळ्याच्या मऊ चिखलावर वसलेले आहे. त्या चिखलात डोललाट सेकंदाला १०० मीटरसुद्धा जात नाही. अशा मऊ जमिनीत हादरा अडकून मोठा होतो. म्हणून आता इमारत बांधण्याआधी वरच्या ३० मीटर जमिनीत डोललाट किती वेगाने जाते ते पुष्कळ ठिकाणी मोजतात.

९. विंचवाचे यंत्र

हे वाचून तुम्हाला हसू येईल. विंचू ही रीत आपल्या आधीपासून वापरतो! वाळवंटातल्या विंचवाला नीट दिसत नाही. पण त्याच्या आठ पायांवर हादरा ओळखणारे बारीक अवयव असतात. किडा वाळूत हलला की लाट विंचवाच्या जवळच्या पायाला आधी आणि लांबच्या पायाला नंतर पोहोचते. तेवढ्या फरकावरून विंचू किडा कोणत्या बाजूला आहे ते ओळखतो आणि झडप घालतो. ब्राउनेल नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७७ साली हे सिद्ध केले. नाल्याकाठच्या २४ डब्या आणि विंचवाचे आठ पाय, काम एकच. पण म्हणून कोणी विंचू पकडायला जाऊ नका!

१०. थाळीचा प्रयोग

आपल्याकडे जिओफोन नाही. म्हणून मी मॅलेटच्या पाऱ्याऐवजी पाणी घेतले. पारा विषारी असतो, त्याला हात लावायचा नाही.

साहित्य: स्टीलची थाळी, पाणी, लाकडी फळी, कपडे धुवायची मोगरी, एक मदतनीस. माझा मदतनीस चुलतभाऊ होता.

कृती: थाळी जमिनीवर सपाट ठेवा. तिच्यात बोटाच्या पेराएवढे पाणी ओता. वारा नसताना, सकाळी प्रयोग करा. मदतनिसाने काही पावलांवर फळी जमिनीवर ठेवून तिच्यावर मोगरी मारावी, दर वेळी सारख्याच जोराने. तुम्ही डोळे थाळीजवळ नेऊन पाण्यावर तरंग उठतात का ते पाहा. मग मदतनिसाने एक एक पाऊल लांब जावे. तरंग दिसेनासे झाले की पावले मोजा.

निरीक्षण: आम्ही एकाच सकाळी तीन जागा पाहिल्या. तिन्ही जागी वाफसा होता, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी.
गाडीवाटेवर तरंग १५ पावलांपर्यंत दिसले.
वरच्या वावरात ६ पावलांपर्यंत दिसले.
खालच्या वावरात १२ पावलांपर्यंत दिसले.

अनुमान: भुसभुशीत माती हादरा पिऊन टाकते. घट्ट माती तो लांबवर नेते. खालचे वावर वरच्या वावरापेक्षा गाडीवाटेसारखे जास्त आहे.

या थाळीने वेग कळत नाही, खोलीही कळत नाही. हादरा किती लांब गेला एवढेच कळते. पण दोन जागा शेजारी शेजारी ठेवून पाहायला ती पुरते.

११. खालच्या वावराची गोष्ट

खालच्या वावराचा प्रयोग मी उगाच केला नव्हता. आमच्या घरी त्या वावरावरून बोलणे चालू होते. यंदा तिथली तूर पिवळी पडली. पाऊस झाला की दोन दोन दिवस पाणी साचते. आजोबा म्हणत होते, “जमीन चिबड झाली, तिथं आता चर काढावा लागंल.” वडील म्हणत होते, “बी खराब निघालं.” आई म्हणाली, “वरच्या वावरात तेच बी आहे, तिथली तूर बघा कशी डोलतेय.” चर काढायचा तर पैसे लागतात. बी बदलायचे तर पुढच्या वर्षीपर्यंत वाट पाहायची. आणि दुखणे तिसरेच असेल तर दोन्ही खर्च वाया.

त्याआधीच्या वर्षी तिथे ऊस होता. तोडणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला आणि भरलेल्या ट्रॉल्या ओल्या वावरातूनच गेल्या. ओली माती ओझ्याखाली सगळ्यांत जास्त दबते. वर नांगरले, कुळवले, म्हणून वरून छान भुसभुशीत दिसते. पण नांगर जातो त्याच्या खाली काय झाले ते दिसत नाही.

मी थाळीची पावले वडिलांना सांगितली. ते हसले नाहीत. त्यांनी मोगरी घेऊन स्वतः एकदा मारून पाहिले आणि थाळीपाशी उकिडवे बसून राहिले. मग म्हणाले, “बांधाकडचं वाळलेलं एक झाड उपट बघू.” उपटले नाही, हळू खणून काढले. सोटमूळ एक वीत सरळ खाली गेले होते आणि तिथून काटकोनात आडवे वळले होते. त्या खाली माती भाकरीच्या तव्यासारखी चपटी आणि घट्ट होती. पहार मारली तर टणकन उडाली. त्याच्याही खाली माती मऊच होती. आजोबा म्हणाले, “मुळाला दार बंद आणि पाण्यालाही दार बंद.”

आता ठरले आहे की तूर निघाल्यावर, उन्हाळ्यात जमीन चांगली वाळली की खालच्या वावरात खोल नांगरट करायची, म्हणजे तो थर तडकेल. ओल्या जमिनीत केली तर तो तडकत नाही, उलट लिंपला जातो. वरच्या वावराला हा खर्च करायचा नाही. आणि ओल्या वावरात भरलेली ट्रॉली घालायची नाही, हे आजोबांनी सगळ्यांना बजावले आहे. पुढच्या पावसाळ्यात मी त्याच जागी पुन्हा थाळी ठेवणार आहे. तरंग किती पावले जातात ते याच भिंतीवर लिहीन.

१२. लक्षात ठेवा

अ) घट्ट मातीत आवाज जोरात जातो, भुसभुशीत मातीत हळू जातो.
आ) वाळलेली माती आणि दाबलेली माती सारखीच बोलते. म्हणून एकाच दिवशी दोन जागा तपासा.
इ) डोललाट पाण्यातून जात नाही.
ई) खालचा थर जितका खोल, तितका लाटेला उशीर.
उ) आवाजाने जमिनीतले सगळे कळत नाही. खत किती आहे, खार किती आहे हे कळत नाही. त्यासाठी मातीचा नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो.

१३. करून पाहा

१) आपल्या खेळाच्या मैदानात आणि शाळेच्या बागेत थाळीचा प्रयोग करा. कुठे तरंग लांबवर दिसतात?
२) जमिनीला कान लावा. मित्राला दूरवर जमिनीवर पाय आपटायला सांगा. उभे राहून ऐकले तर काय फरक वाटतो?
३) वेग सेकंदाला ३०० मीटर असेल तर ६० मीटर जायला किती वेळ लागेल? (उत्तर: एका सेकंदाचा पाचवा भाग.)
४) पालकांसाठी: आपल्या वावरात पाणी साचणारी जागा आहे का? ती जागा आणि शेजारची चांगली जागा एकाच सकाळी तपासून पाहा. थाळी घरात आहेच, मदतीला आम्ही मुले आहोतच. रविवारी सांगावा धाडा.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी